परदेशवारी आणि झांकली मूठ

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील एका सभागृहांत, परदेशांतून नुकत्याच परतलेल्या एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान झालें. गृहस्थ एकटेच हिंडून आले होते; वयानें प्रौढ, बोलण्यांत गोड. पडद्यावर उंच मनोरे झाले, चित्रशाळा झाल्या, नदीवरील पूल झाले, बर्फाचीं शिखरें झालीं. आणि श्रोतृवृंद प्रत्येक चित्रागणिक माना डोलवीत राहिला. शेवटीं प्रश्न विचारण्यास मुभा मिळाली, तेव्हां मागच्या रांगेंतील एक कॉलेजचा विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, एवढ्या प्रवासांत आपले पैसे कोठें अडकले का? कोणीं फसविलें का? आणि फसविलें असल्यास आपण पुढें काय केलें?" सभेंत हंशा पिकला. अध्यक्षांनीं 'असले व्यवहारी प्रश्न चहाच्या वेळीं विचारावे' असें सांगून पुढील प्रश्न मागितला. चहाच्या वेळीं व्याख्याते चाहत्यांच्या गराड्यांत होते, आणि तो मुलगा केव्हांच पायर्‍या उतरून निघून गेला होता.

त्या संध्याकाळीं विचारला गेलेला शहाणा प्रश्न तेवढा एकच होता, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि हा लेख लिहावयास मी बसलों आहें तो त्या हंशाचा निषेध करण्याकरितां. मनोर्‍याची उंची आतां घरबसल्या कोणासहि कळते. परक्या गांवीं, शनिवारीं संध्याकाळीं, खिसा रिकामा झाला असतां माणसानें काय करावें, हें मात्र तेथून जाऊन आलेल्यासच सांगतां येतें. तेंच आमचे प्रवासी सांगत नाहींत, आणि आम्ही श्रोते तें विचारणारास हांसतों!

आमचा सुशिक्षित मध्यम वर्ग पैशाच्या बाबतींत मोठ्या चमत्कारिक रीतीनें वागतो. मुलाच्या परदेशच्या शिक्षणासाठीं तो घर गहाण टाकील, आयुष्याची पुंजी मोडील, भावापाशीं तोंड वेंगाडील. परंतु त्या पैशाविषयीं चारचौघांत बोलण्याचा प्रसंग आला कीं त्याची जीभ टाळ्यास चिकटते. पैसा मिळविणें ही प्रतिष्ठा, पैसा खर्चणें हा रुबाब, पैसा बुडणें हा दैवाचा घाला. पण पैसा कसा बुडाला हें सांगणें म्हणजे मात्र अब्रूचें दिवाळें! 'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आम्हीं लहानपणीं ऐकली, आणि जन्मभर ती मूठ आवळून बसलों. मूठ झांकल्यानें आंतील पैसा वाढत नाहीं. तो गेला एवढेंच इतरांस कळत नाहीं. आणि न कळल्यामुळें पुढच्या माणसाचा पैसाहि त्याच वाटेनें, त्याच भामट्याच्या हातांत जातो.

ही लाज आमच्या वाडवडिलांची आहे, असें कोणीं समजूं नये. ज्या पुण्यांत आज पैशाच्या प्रश्नास हांसतात, त्याच पुण्यांतील पेशवे दप्तरांत रोजकीर्दींचे ढीग पडलेले आहेत. दक्षिणा काय दिली, तेलास काय लागलें, जासुदास काय दिलें, याचा हिशेब लिहितांना त्या कारकुनांची लेखणी लाजली नाहीं. काशीयात्रेस निघणारा गृहस्थ रोकड अंगावर न बाळगतां सावकाराची हुंडी घेऊन निघे, व मुक्कामीं ती वटवी. पैसा एका ठिकाणीं ठेवूं नये, वाटेंत दाखवूं नये आणि त्याची नोंद घरीं असावी, हें शहाणपण त्यांस कोण्या परदेशी कंपनीनें शिकविलें नव्हतें.

आणि आमच्या भाषेंतील एक थोर प्रवासवृत्त तरी कशांतून निघालें? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरांतून निघाले ते देशाटनाच्या हौसेनें नव्हे. घरीं कर्ज झालें होतें, आणि उत्तरेंत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. पुढें बंडाच्या वावटळींत ते सांपडले, मिळविलेलें लुटलें गेलें, आणि जें द्रव्य आणण्यास गेले तें हातीं फारसें न राहतां ते गंगेची कावड घेऊन घरीं परतले. हें सर्व त्यांनीं 'माझा प्रवास' या ग्रंथांत लिहून ठेविलें. तो १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य यांनीं प्रसिद्ध केला. त्या भिक्षुकास आपली फजिती सांगण्याची लाज वाटली असती, तर आज आम्हांपाशीं तें पुस्तकच नसतें. धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस गोव्यांतील घर सोडून ज्ञानाच्या शोधार्थ निघाले. ते काशीच्या अन्नछत्रांत जेवले, परक्यांच्या मदतीवर सिंहलद्वीपास व ब्रह्मदेशास पोंचले; आणि पुढें हार्वर्डसारख्या विद्यापीठांत मान मिळविल्यावरहि आपल्या 'निवेदनां'त त्यांनीं ही ओढगस्त झांकून ठेविली नाहीं.

कोणी म्हणेल, हे पुरुष होते, आणि विरक्त वृत्तीचे होते. तर मग एका अठरा वर्षांच्या मुलीची साक्ष काढतों. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्याकरितां अमेरिकेस एकट्या जाणार, ही वार्ता पसरली तेव्हां केवढा गहजब झाला तो सर्वांस ठाऊक आहे. कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपूर येथील कॉलेजांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्या जाहीर सभेंत उभ्या राहिल्या, व लोकांच्या आक्षेपांस त्यांनीं एकामागून एक उत्तरें दिलीं. त्यांतील एक प्रश्न 'तुम्ही एकट्या कां जातां?' असा होता. पतीच्या इच्छेचा किंवा ईश्वराच्या योजनेचा आडोसा घेऊन त्यांस हा प्रश्न टाळतां आला असता. त्यांनीं तसें केलें नाहीं. दोघांनीं जाण्याचा प्रथम विचार होता, पण तेवढें द्रव्य आम्हांपाशीं नाहीं. आणि पति निघून आले तर त्यांच्यावर अवलंबून असलेलीं घरचीं माणसें उघड्यावर पडतील, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं भर सभेंत दिलें. अंगावरचे दागिने विकून ७ एप्रिल रोजीं त्या आगबोटींत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. घरचें एकहि माणूस बरोबर नसतां परदेशीं शिकावयास गेलेल्या या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीनें, आपण एकटी जाते याचें एक कारण पैसा आहे, असें परक्या प्रांतांत, परक्या भाषेंत सांगितलें. त्यास आज १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि आमच्या सभागृहांत आज तोच विषय निघाला कीं अध्यक्ष चहाकडे बोट दाखवितात!

यापुढचें उदाहरण तर आमच्या सर्व बुद्धिमंतांनीं उशाशीं लिहून ठेवावें असें आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास व पुढें लंडनला शिकून १९१७ सालीं परत निघाले. स्वतः एका बोटीनें आले, सामान दुसर्‍या बोटीनें येत होतें. महायुद्धाचे दिवस, सामानाची बोट पाणतीरानें बुडाली. त्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून त्यांस ६०० रुपये मिळाले, आणि त्याच पैशांतून कांहीं घरीं देऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. पुढें १९२० सालीं ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास पुन्हां लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजांतील प्राध्यापकीच्या पगारांतून वांचविलेले पैसे, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपये आणि शाहू महाराजांचें साहाय्य, एवढी शिदोरी त्यांच्यापाशीं होती.

आतां हुंडणावळीचा खेळ पाहावा. १९२० च्या आरंभीं सरकारनें रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला होता. त्या हिशेबानें ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. पण सरकारनें ठरविलेला भाव बाजारानें मानला नाहीं. वर्षभरांत रुपया घसरून एक शिलिंग चार पेन्सांच्या आगेमागे आला. त्या भावानें त्याच ५,००० रुपयांचे ३३३ पौंड राहतात. माणसानें एक दमडीहि उधळली नाहीं, कोणी चोरी केली नाहीं, आणि तरीहि पुंजीचा तिसरा हिस्सा जागच्या जागीं नाहींसा झाला! अशा वेळीं आंबेडकरांनीं काय केलें? १९२१ सालीं त्यांनीं शाहू महाराजांस सरळ पत्र लिहिलें: हुंडणावळ उलटल्यामुळें अडचणींत आलों आहें, २०० पौंड कर्जाऊ पाठवावे, परत आल्यावर व्याजासह फेडीन. आणि लक्षांत घ्यावें कीं हेंच गृहस्थ त्या वेळीं रुपयाच्या भावाच्या इतिहासाचा जगांतल्या मोजक्या पंडितांइतका खोल अभ्यास करीत होते; त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. ज्याला रुपयाची नाडी समजत होती त्यालाहि रुपयानें परदेशीं दगा दिला, आणि त्यानें तें निःसंकोच सांगितलें. मग ज्यांस हुंडणावळ हा शब्दहि अपरिचित आहे त्या तुम्हांआम्हांस एवढी लाज कशाची?

ही लाज माझ्या मतें दोन वाटांनीं आली. पहिली वाट आमच्या इंग्रजी शिक्षणाची. इंग्रजी कादंबर्‍यांतील सभ्य गृहस्थ पैशाविषयीं बोलत नाहीं, हें आम्हीं वाचलें. त्याच्या मागें वडिलोपार्जित जमीनदारी होती, हें वाचावयाचें राहिलें. दुसरी वाट अलीकडची आहे. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रींत साडेसात रुपयांचा झाला. त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत परदेशीं जाणार्‍यांच्या आठवणींतून 'आठ डॉलर' हा आंकडा वारंवार भेटतो; हातीं तेवढेच नेण्याची परवानगी असे. पण त्या पिढीचे लोक ते आठ डॉलर हंसतमुखानें सांगतात, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दारिद्र्य कायद्यानेंच सर्वांस सारखें वांटून दिलें होतें. मग लाजावें कोणी कोणापुढें? पुढें बंधनें सैल झालीं. २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें वर्षाकांठीं २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली; ती मर्यादा वाढत वाढत आज २,५०,००० डॉलरांवर आली आहे. मर्यादा सर्वांस एकच, पण ऐपत एक नाहीं. कोणाच्या मुठींत खरोखरच सव्वा लाख आहेत, कोणाच्या मुठींत कर्जाची चिठ्ठी आहे. आणि म्हणूनच मुठी अधिकच घट्ट झाल्या आहेत.

दुसर्‍यांस बोल लावण्यापूर्वीं मीं माझी मूठ उघडली पाहिजे. १९९८ सालीं मी तीन महिन्यांच्या अभ्यासवृत्तीवर स्कॉटलंडास गेलों. वय तिशीच्या अलीकडचें, इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक, एकटा. पोंचलों तो दिवस शनिवारचा, बँका बंद. स्टेशनांतच नाणेंबदलीची एक खिडकी होती व तिच्यावर 'कमिशन नाहीं' अशी ठळक पाटी होती. मीं ३०० डॉलरांचे प्रवासी चेक पुढें केले. खरेदीचा भाव व विक्रीचा भाव असे दोन रकाने खिडकीशेजारीं लटकत होते. मीं ते वाचलेहि नाहींत. त्या दिवसांत एका पौंडास सुमारें १ डॉलर ६५ सेंट पडत. खिडकीवाल्यानें १ डॉलर ८८ सेंट लावले. सुमारें १८२ पौंड मिळावयाचे ते १६० देखील मिळाले नाहींत. कमिशन त्यानें घेतलें नव्हतें, हें अगदीं खरें. त्याला त्याची गरजच नव्हती. बावीस पौंड, म्हणजे दीड हजार रुपये, म्हणजे माझा जवळजवळ पांच दिवसांचा पगार, दोन रकाने न वाचल्याबद्दल मीं दिला; आणि मी वाचन शिकविणारा माणूस!

तिसर्‍या आठवड्यांत याहून मोठा प्रसंग आला. बसमध्यें माझें पाकीट गेलें. त्यांत ११० पौंड रोख, उरलेले सर्व चेक, आणि चेकांचे अनुक्रमांक लिहिलेला कागदहि होता. प्रवासी चेकाचा सारा फायदा एवढाच कीं तो हरवल्यास अनुक्रमांक कळवून दुसरा मिळतो; आणि ते क्रमांक मीं चेकांशेजारींच बाळगले होते. कुलपाला किल्ली लावून ठेवणारा माझ्याहून शहाणा. तथापि खरेदीची पावती पुण्यास घरच्या कपाटांत होती, तींत ते सर्व क्रमांक होते. घरीं एक टेलिफोन करणें एवढेंच काम होतें. मीं तो पांच दिवस केला नाहीं! पत्नीस काय वाटेल, सासरे काय म्हणतील, 'मास्तर विलायतेस गेला आणि पाकीट हरवून बसला' असें वाड्यांत होईल, या विचारांनीं मी पाव आणि केळीं खाऊन पांच दिवस काढले. सहाव्या दिवशीं माझा चेहरा पाहून वृद्ध घरमालकिणीनें चौकशी केली आणि टेलिफोन माझ्यासमोर आणून ठेवला. पत्नीनें दोन मिनिटांत क्रमांक वाचून दाखविले. सांगून झाल्यावर ती एवढेंच म्हणाली, "एवढेंच ना? मग पांच दिवस कशाला थांबलांत?" या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं त्या दिवशीं नव्हतें, आणि आजहि नाहीं. दुसर्‍याच दिवशीं नवे चेक हातांत आले.

एवढें होऊन मीं काय केलें? परत आल्यावर एका दिवाळी अंकासाठीं त्या प्रवासावर लेख लिहिला. त्यांत शरद ऋतूंतील पानांचे रंग होते, धुकें होतें, जुन्या पुस्तकांचें एक दुकान होतें. खिडकी नव्हती, बस नव्हती, केळीं नव्हतीं. लेखाची स्तुति झाली.

या स्तुतीची किंमत दुसर्‍या कोणीं तरी दिली. कांहीं वर्षांपूर्वीं माझी एक विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षणासाठीं इंग्लंडास गेली. सोलापूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवची मुलगी. वडील प्राथमिक शिक्षक. घर बँकेकडे गहाण. खोलीची सोय येथूनच करून जावें म्हणून तिनें चित्रें पाहून एक खोली ठरविली, आणि अनामत व पहिल्या महिन्याचें भाडें मिळून ९०० पौंड आगाऊ पाठविले. ती पोंचली तेव्हां त्या पत्त्यावर तशी खोलीच नव्हती. तिनें घरीं 'सर्व ठीक आहे' असें कळविलें. बारा रात्री ती ओळखीच्या मुलींच्या स्वयंपाकघरांत निजली, आणि एक वेळ जेवून राहिली. अशा विद्यार्थ्यांस सल्ला व तात्पुरतें साहाय्य देणारें विद्यापीठाचें कार्यालय तिच्या वर्गापासून शंभर पावलांवर होतें. तें तिला कळलें तें ती वर्गांत चक्कर येऊन पडल्यानंतर. परत आल्यावर ती भेटावयास आली, तेव्हां हें सारें सांगून सहज म्हणाली, "सर, जाण्यापूर्वीं तुमचा तो लेख मीं दोनदां वाचला होता." तिच्या मनांत दोष देण्याचा हेतु नव्हता. म्हणूनच तें वाक्य मला अधिक लागलें.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप रसिकांचा: वाङ्मयांत रुपये-आणे-पै आणल्यास त्याची बाजारपेठ होईल. मला हें कळत नाहीं. भुकेलेल्या माणसानें पावाच्या दुकानाबाहेर उभें राहून खिशांतील नाणीं मोजणें यांत रस नाहीं, आणि सूर्यास्ताचें हजारावें वर्णन करण्यांत आहे, हा रसाचा सिद्धांत कोणत्या आचार्यांनीं सांगितला? विष्णुभटांचा ग्रंथ आम्ही वाचतों तो त्यांतील शिखरांच्या वर्णनासाठीं नव्हे.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा: हे सारे जुन्या काळचे घोळ, आतां खिशांत कार्ड आहे, हातांत फोन आहे, चिंता कसली? चिंता अशी कीं चोर देखील आधुनिक झाला आहे, आणि दुकानदार सभ्य झाला आहे. परदेशांतील दुकानांत कार्ड पुढें करतांच यंत्र विचारतें: रक्कम रुपयांत घ्यावी कीं स्थानिक चलनांत? 'रुपये' हा शब्द परक्या मुलुखांत मामाच्या घरासारखा वाटतो, आणि आमचा माणूस तोच निवडतो. निवडतांच भाव ठरविण्याचा अधिकार पलीकडच्या बाजूकडे जातो, आणि तो बहुतेक वेळां महागच पडतो. माझ्या स्टेशनावरची 'कमिशन नाहीं' ही पाटी आतां यंत्रांत जाऊन बसली आहे, एवढाच फरक. शिवाय आपल्याकडील पुष्कळ बँका परकी चलनाच्या खर्चावर शेंकडा दोन ते साडेतीन आकारतात, तें वेगळेंच. आणि फोन? 'मी पोलीस बोलतों, तुमच्या कागदपत्रांत दोष आहे, दंड ताबडतोब भरा' असें दटावून एकट्या विद्यार्थ्यास लुबाडणारे त्याच फोनवरून बोलतात.

तिसरा आक्षेप सज्जनांचा, आणि म्हणून सर्वांत घातक: असल्या गोष्टी सांगितल्यानें गरीब घरचीं मुलें, विशेषतः मुली, भिऊन जाणार नाहींत का? माझें उत्तर असें कीं न सांगण्याचा भुर्दंड त्यांनाच पडतो. ज्याचा काका न्यू जर्सीस आहे आणि मावशी लंडनला आहे, त्यास हें ज्ञान जेवणाच्या पानावर मिळतें. ज्याच्या घरांतून आजवर कोणी पासपोर्ट पाहिला नाहीं, त्यास तें छापील पानावरच मिळूं शकतें, आणि तें पान आम्ही गाळतों. मग आमचें मौन ही सभ्यता कसली? ती नकळत केलेली मक्तेदारी आहे. आनंदीबाईंनीं आपली अडचण उघड सांगितली आणि त्या गेल्याच. सत्य ऐकून भिण्याइतक्या आमच्या मुली दुबळ्या नाहींत.

म्हणून मीं जें विकत घेतलें तें फुकट देऊन टाकतों. पैसा तीन जागीं ठेवावा, आणि त्याचे क्रमांक चौथ्या जागीं, घरच्या माणसापाशीं ठेवावे. नाणें बदलण्यापूर्वीं खरेदीच्या व विक्रीच्या भावांतील अंतर पाहावें; अंतर मोठें असेल तर पाटीवर कांहींहि लिहिलेलें असो, पुढें चालावें. यंत्रानें विचारल्यास स्थानिक चलन सांगावें. न पाहिलेल्या खोलीचे पैसे आगाऊ पाठवूं नयेत. पहिले आठ दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहांत किंवा साध्या धर्मशाळेसारख्या जागेंत काढावे, ते महाग पडले तरी स्वस्त. वर्षाचा खर्च कर्जाच्या पैशांतून भागवावयाचा असेल तर आजच्या भावानें हिशेब करूं नये. रुपया घसरेल असें धरूनच करावा. फोनवर दंड मागणारा अधिकारी हा अधिकारी नसतो. आणि सर्व उपाय खुंटल्यास आपल्या वकिलातीचें दार ठोठवावें. अडचणींत सांपडलेल्या भारतीयांच्या साहाय्यासाठीं वकिलातींतून २००९ सालापासून एक कल्याण निधि आहे, आणि हरवलेल्या पासपोर्टाच्या बाबतींतहि तेथेंच जावें लागतें. पण या सर्वांहून मोठा नियम एकच: नुकसान झालें त्याच दिवशीं घरीं सांगावें. उशीर झाला कीं चोरापेक्षां लाज अधिक नेते.

आईबापांसहि एक विनंति आहे. मुलानें असली बातमी कळविली तर पहिला शब्द 'एवढेंहि कळलें नाहीं का?' हा नसावा. तो शब्द एकदां कानावर पडला कीं दुसरी बातमी येत नाहीं.

आणि आमच्या व्याख्यानमालांच्या चालकांस व मासिकांच्या संपादकांस माझी अशी सूचना आहे कीं यापुढें परदेशांतून परतलेल्या प्रत्येक वक्त्याकडून व लेखकाकडून शेवटीं एक पान जमाखर्चाचें मागावें: काय गेलें, कसें गेलें, काय परत मिळालें. कॉलेजांनीं परतलेल्या विद्यार्थ्यांच्या चुकांची एक वही ठेवावी आणि जाणार्‍यांच्या हातीं द्यावी. सत्कार थोडे कमी झाले तरी चालेल.

सूचना करणारानें आरंभ करावा, या न्यायानें माझ्या पहिल्या परदेशवारीचें, पंचवीस वर्षांहून अधिक काळ गाळलेलें पान येथें देतों. नाणेंबदलींत भाव न पाहिल्यामुळें, २२ पौंड. चोरींत रोख, ११० पौंड. एकूण नुकसान, १३२ पौंड. चेकांचे पैसे परत मिळाले, सबब ते खर्चीं धरलेले नाहींत. लाजेपायीं गेलेले दिवस: माझे ५, आणि मीं तें लिहिलें नाहीं म्हणून त्या मुलीचे १२. शेवटच्या रकमेची भरपाई कोणत्याहि कंपनीकडून होत नाहीं. मागच्या रांगेंतल्या त्या मुलाच्या हातीं हा अंक पडला, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर उशिरां कां होईना मिळालें, असें त्यानें समजावें.